दिवसांची रसद

२ सप्टेंबर १९६३ रोजी संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण लोकसभेत निवेदन करावयास उभे राहिले, त्या वेळी चिनी आक्रमणाला वर्षही पुरे झालेले नव्हते, आणि त्या आक्रमणापुढे आपल्या फौजेची दाणादाण का उडाली याची लष्करी चौकशी संपून तिचा अहवाल सरकारच्या दफ्तरी दाखल झालेला होता. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून पुढे आलेले, व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ब्रिगेडियर प्रेमसिंग भगत या उभयतांकडे हे काम सोपवताना पाच बाबींचा तपास करण्यास सांगितले होते: सैनिकांचे शिक्षण, त्यांची सामग्री, हुकमतीची व्यवस्था, त्यांची शारीरिक पात्रता आणि अधिकाऱ्यांचा आपल्या माणसांवरील प्रभाव. मूळ अहवाल सरकारने आजतागायत अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही, त्यामुळे सामान्य वाचकाला बव्हंशी चव्हाणांच्या निवेदनावरच विसंबावे लागते. चौथ्या बाबीविषयी त्यांनी सभागृहाला जे सांगितले त्याचा मथितार्थ असा, की आपले जवान शरीराने काटक होते, बहुतेकांना मैदानी मुलखातून ऐनवेळी वर नेले असताही त्यांनी तेथील हवामानाचे हाल सोसले. मात्र ज्या उंचीवर त्यांतील काहींना ठाण मांडून लढावयास सांगितले, त्या उंचीची त्यांच्या शरीरांस सवय झालेली नव्हती.

शरीर काटक, पण सवय नाही, ही दोन विधाने शेजारी शेजारी ठेवली म्हणजे वाचणारा क्षणभर बुचकळ्यात पडतो, कारण धडधाकट माणसाला सवयीची काय मातब्बरी, असेच आपण सारे धरून चालतो. १९६२ साली नकाशावर बोट ठेवून पलटणी हलवणारे अधिकारीही तसेच धरून चालले होते.

ही गफलत नीट उमजण्यासाठी हिमालय क्षणभर बाजूला ठेवून वऱ्हाडात यावे. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात, मालेगावहून शेलूबाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर किन्हीराजा हे गाव आहे. अकोल्याच्या सपाटीवरून घाट चढून मालेगावच्या बाजूला आलेला माणूस आपण उंचावर आलो असे मानतो, आणि जुनी दफ्तरेही त्याच्याच बाजूने साक्ष देतात. वऱ्हाडचे पाईनघाट व बालाघाट असे दोन भाग पाडताना वाशीमचा मुलूख वरच्या भागात, बालाघाटात, घातला गेला. पावसाचे पाणीसुद्धा या पठाराचा मान राखते. काटेपूर्णेचे पाणी उत्तरेस पूर्णेला मिळून तापीच्या वाटेने पश्चिम समुद्राला जाते, तर पैनगंगेचे पाणी गोदावरीच्या खोऱ्यातून पूर्वेचा समुद्र गाठते. इतके असूनही या साऱ्या उंचीची मोजदाद केली तर ती पाचशे मीटरच्या आसपास भरते. मुंबईच्या समुद्रकाठी हवेचा जो दाब असतो त्याहून येथील दाब शेकडा पाच-सहाने काय तो उणा, आणि एवढ्या फरकाची फुप्फुसाला दादही नसते. सबंध महाराष्ट्राची हीच कथा आहे. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्रातील सर्वांत उंच जागा. आणि उंचीचा विकार माणसाला गाठू लागतो तो साधारण २,५०० मीटरच्या पुढे. सह्याद्रीचा गडी कितीही कडे चढलेला असो, हिमालयाच्या हवेची पहिली पायरीदेखील त्याला आपल्या मुलखात सापडत नाही.

ही हवा जिवाला घातक ठरू शकते, हे ज्ञान मात्र नवे नव्हते. बाबराचा मावसभाऊ मिर्झा हैदर दुघलात याने सोळाव्या शतकात तिबेटच्या बाजूस स्वारी केली आणि ‘तारीख-इ-रशीदी’ या आपल्या ग्रंथात तेथील ‘दमगिरी’ नावाच्या व्याधीचे वर्णन करून ठेवले: श्वास कोंडतो, झोप लागत नाही, माणूस बरळू लागतो, आणि विशेष म्हणजे ती बाधा परक्या माणसांस होते, तेथील रहिवाशांस होत नाही. त्याचा धनी, काशगरचा सुलतान सईद खान, १५३३ साली लडाखहून परतताना याच व्याधीने वाटेत मरण पावला. हिमालयातून ये-जा करणारे व्यापारी व हमाल या प्रकाराचे खापर विषारी वनस्पतींच्या वासावर फोडीत. खरे कारण प्रयोगाने सिद्ध करून दाखवले ते पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने, १८७८ साली. त्याच्या आधी तीनच वर्षे ‘झेनिथ’ नावाच्या बलूनमधून आठ हजार मीटरपर्यंत गेलेल्या तिघांपैकी दोघे वरच गतप्राण झाले होते. हवेतील प्राणवायूचे प्रमाण सर्वत्र शेकडा एकवीसच असते. उंचावर घटतो तो हवेचा एकूण दाब, आणि त्याबरोबर प्राणवायूला रक्तात लोटणारा जोरही घटतो. लेहला, सुमारे साडेतीन हजार मीटरवर, हा दाब समुद्रकाठच्या दोन-तृतीयांशाहून थोडा कमी. साडेपाच हजार मीटरवर निम्मा. एव्हरेस्टच्या माथ्यावर एक-तृतीयांश.

मग शतकानुशतके लेहच्या वाटेने कारवान चालले ते कसे? या प्रश्नाच्या उत्तरातच १९६२ च्या अनर्थाचे एक मूळ आहे, म्हणून येथे जरा थांबले पाहिजे. श्रीनगरहून निघालेला व्यापारी झोजिला ओलांडून, मजल-दरमजल मुक्काम करीत, तट्टांच्या चालीने लेहला पोचे. त्या प्रवासात त्याचे जे दिवस जात ते त्याच्या मते फुकट जात, पण त्याचे शरीर त्या दिवसांत आपले काम गुपचूप उरकून घेई. वाटेची लांबी हीच त्याची दवा होती, आणि ती तो नकळत घेत होता. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहेर सिंग यांनी जनरल थिमय्यांना सोबत घेऊन लेहच्या वाळूवर आखलेल्या धावपट्टीवर डकोटा विमान उतरवले, तो भारतीय वायुदलाच्या इतिहासातील एक देदीप्यमान दिवस खरा. पाकिस्तानी हल्लेखोरांच्या तोंडी आलेले लेह त्या उड्डाणाने वाचले. परंतु त्याच दिवसापासून मैदानातला शिपाई सकाळी एका हवेत आणि दुपारी दुसऱ्या हवेत पोचू शकेल अशी सोय झाली, आणि मधल्या ज्या दिवसांची त्याच्या शरीराला गरज होती ते दिवस हिशेबातून गळाले.

१९५९ नंतर चीनशी संबंध बिघडत गेले, १९६१ च्या अखेरीस पुढे सरकून ठाणी बसवण्याचे धोरण ठरले, आणि लडाखमध्ये चौदा-पंधरा हजार फुटांवर, कोठे कोठे त्याहूनही वर, पाच-पंचवीस माणसांची शिबंदी असलेली ठाणी उभी राहू लागली. पूर्वेला नेफामध्ये, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात, भूतान व तिबेट यांच्या सीमा जेथे भिडतात त्या कोपऱ्यात, नामका चू नावाच्या ओढ्याकाठी जून १९६२ मध्ये ढोला हे ठाणे बसले. ८ सप्टेंबर रोजी चिनी सैनिकांनी ते वेढल्याची वर्दी आली आणि दिल्लीहून हुकूम सुटला, की त्यांना हुसकून लावा. हा हुकूम ज्याच्या गळ्यात पडला तो सातव्या इन्फंट्री ब्रिगेडचा प्रमुख ब्रिगेडियर जॉन परशुराम दळवी. बसऱ्यात जन्मलेल्या या मराठी आडनावाच्या अधिकाऱ्याने पुढे १९६९ साली ‘हिमालयन ब्लंडर’ या ग्रंथात त्या दीड महिन्याची जी हकिकत लिहिली, ती एका पराभूत सेनानीची कैफियत आहे हे लक्षात घेऊनही, त्या प्रसंगाचे सर्वांत जवळून केलेले वर्णन म्हणून वाचावी लागते.

दळवींची तक्रार दुहेरी होती. पहिली साऱ्या देशाला ठाऊक झाली: थंडीचे कपडे नव्हते, सुती गणवेशातील जवानांना माणशी एकेक घोंगडी होती, काडतुसे मोजकी होती, आणि चौदा हजार फुटांवरील त्सांगधर येथे विमानातून टाकलेला माल बहुतांशी दरीत जाऊन पडत होता. दुसरी तक्रार वेळेची होती. नव्याने धाडलेल्या पलटणी मैदानातून किंवा मैदानाच्या तोंडाशी असलेल्या तळांवरून उचललेल्या; ग्रेनेडियर्सची चौथी पलटण तर थेट दिल्लीहून आलेली. नामका चूला जाण्याच्या दोन वाटा, एक तेरा हजार फुटांहून उंच अशा हाथुंग ला या खिंडीवरून, दुसरी कार्पो लावरून, जी पंधरा-सोळा हजार फुटांच्या घरात जाते. राजपूत व गुरखा पलटणींतील माणसे ओझी घेऊन या दुसऱ्या वाटेने चढली, वर उघड्यावर राहिली, आणि शत्रूची गोळी सुटण्याआधीच त्यांतले काही छातीच्या विकाराने दगावले. हा विकार त्या काळी सर्रास न्यूमोनिया समजला जाई. थंडीत माणूस कुडकुडतो, खोकतो, छाती भरते, ओठ निळे पडतात, आणि मग मरतो; थंडीच बाधली असे कोणीही म्हणेल.

दैवाची विटंबना अशी, की या विकाराने खुद्द सेनापतीलाही सोडले नाही. ऑक्टोबरच्या आरंभी नव्या चौथ्या कोअरचे आधिपत्य घेतलेले लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल दिल्लीहून तडक आघाडीवर आले, हेलिकॉप्टरने जेवढे वर जाता येईल तेवढे गेले आणि पुढे पायी निघाले. चढावर त्यांचा दम इतका तुटला की काही अंतर एका हमालाने त्यांना पाठीवर वाहून नेले. त्यांनी ओढ्याकाठी पोचून पाहणी केली, १० ऑक्टोबरची त्सेंगजोंगची चकमक डोळ्यांनी पाहिली, आणि आठवड्याभरात छातीत कळा व श्वासाचा त्रास होऊन ते दिल्लीला परत नेले गेले. राजधानीत आजाराच्या बिछान्यावरून ते मोहिमेची सूत्रे हलवीत होते. कौलांवर इतिहासकारांनी पुष्कळ टीका केली आहे व तीतील बरीच रास्त आहे; तथापि मैदानातून थेट वर धाडलेल्या माणसाच्या छातीची काय गत होते, याचा अनुभव त्यांच्या कनिष्ठांतल्या कित्येकांप्रमाणे त्यांनाही आला, एवढी नोंद त्यांच्या खात्यावर केली पाहिजे.

२० ऑक्टोबरच्या पहाटे चिनी सैन्य ओढा ओलांडून आले आणि काही तासांत ब्रिगेड फुटली. दळवी २२ तारखेला पकडले गेले आणि पुढील वर्षीच्या मे महिन्यापर्यंत कैदेत राहिले. समोरचा शत्रू तिबेटच्या पठारावर कित्येक वर्षे राहिलेला होता. ल्हासा ३,६५० मीटरवर आहे, आणि तेथून पुढे सरकलेल्या चिनी शिपायाला नामका चूच्या खोऱ्यात येणे म्हणजे उतरणे होते, तर आमच्या शिपायाला तेथे पोचणे म्हणजे चढणे होते. नोव्हेंबरात हाच प्रकार सुमारे पावणेचौदा हजार फुटांवरील से ला खिंडीत मोठ्या प्रमाणावर घडला, तेथेही नव्या पलटणी देशाच्या निरनिराळ्या मैदानी छावण्यांतून घाईघाईने आणून बसवल्या होत्या. उलटपक्षी लडाखमध्ये रेझांग ला येथे, सोळा हजार फुटांहून अधिक उंचीवर, मेजर शैतानसिंग यांच्या कुमाऊँ पलटणीतील मैदानी हरियाणाच्या शेतकऱ्यांची कंपनी १८ नोव्हेंबरला शेवटच्या गोळीपर्यंत लढली. तेव्हा उंचीमुळेच आपण हरलो असे म्हणणे अतिव्याप्तीचे होईल. राजकीय भ्रम, रस्त्यांचा अभाव, जुनी शस्त्रे आणि हुकमतीतील गोंधळ ही कारणे तिच्याहून थोरली आहेत. पण ती कारणे त्याच वर्षी सभांतून आणि वृत्तपत्रांतून चर्चिली गेली, आणि हे एक मागे राहिले.

मागे का राहिले तेही उघड आहे. देशभर स्त्रियांनी अंगावरचे दागिने संरक्षण निधीत घातले, जवानांसाठी लोकरीचे स्वेटर विणले, विद्यार्थी एनसीसीत दाखल झाले. बर्फात सुती कपड्यांनिशी उभा असलेला शिपाई ही कल्पना लहान मुलालाही समजत होती आणि तिने डोळ्यांत पाणी येत होते. उबेची उणीव सर्वांना दिसली. शिपायाला कमी पडलेले आठ-दहा दिवस दिसावयास मात्र डॉक्टरांची नजर लागणार होती, कारण त्या दिवसांची रसद कोणत्याही कोठारात साठवता येत नव्हती की विमानातून टाकता येत नव्हती.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पंडित नेहरूंच्या बोलावण्यावरून चव्हाणांनी महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सोडून दिल्ली गाठली. त्यांच्या जागी चांद्याचे मारोतराव कन्नमवार आले. २१ नोव्हेंबरला चव्हाण संरक्षणमंत्री झाले, आणि त्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धबंदी पुकारली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला, हे वाक्य मराठी माणूस तेव्हापासून अभिमानाने उच्चारीत आला आहे, आणि त्यात राजकारणाच्या दृष्टीने पुष्कळ तथ्य आहे. शरीरशास्त्राच्या दृष्टीने सह्याद्रीजवळ देण्यासारखे फारसे काही नव्हते, हे वर सांगितलेच. चव्हाणांच्या कारकिर्दीत पहाडी डिव्हिजने उभी राहिली, आणि फौजा वर्षानुवर्षे उंचावर ठेवणे ही आता तात्पुरती गोष्ट राहिलेली नाही हे सरकारने मान्य केले. युद्धाच्या त्याच वर्षी दिल्लीत संरक्षण खात्याची शरीरक्रियाशास्त्राची संस्था स्थापन झाली आणि गुलमर्गची बर्फातील युद्धाची शाळा उच्च पर्वतीय युद्धाचे विद्यालय बनली.

पण खरे काम लेहच्या लष्करी रुग्णालयांत झाले. विमानामागून विमान मैदानातली माणसे आणून उतरवीत होते, आणि त्यांतील काही जण दुसऱ्या-तिसऱ्या रात्री धापा टाकीत दाखल होत होते. उंचीवर फुप्फुसात पाणी भरण्याचा हा विकार पेरूमधील डॉक्टरांना आधीपासून माहीत होता; १९६० साली चार्ल्स हाउस्टन या अमेरिकन डॉक्टर-गिर्यारोहकाने त्यावर इंग्रजीत लिहून तो जगाच्या नजरेस आणला होता. परंतु त्याच्याजवळ रुग्ण होते मूठभर. भारतीय लष्करी डॉक्टरांपुढे त्यांची रांग लागली. १९६५ साली इंदर सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये ३३२ रुग्णांचा, आणि एन. डी. मेनन यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये १०१ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला, १९६९ मध्ये इंदर सिंगांचाच उंचीच्या विकारावरील १,९२५ सैनिकांचा मोठा अभ्यास आला. जगातील वैद्यकीय ग्रंथ आजही या निबंधांचा हवाला देतात. ज्यांच्या छातीवर नळी ठेवून हे ज्ञान मिळाले ते भारताच्या खेड्यापाड्यांतून भरती झालेले तरणेबांड शिपाई होते, हे त्या हवाल्यांतून अर्थातच दिसत नाही.

या डॉक्टरांना आणि त्यांच्या मागून आलेल्यांना काय आढळले, ते समजण्यासाठी किन्हीराजाच्या परिसरातील एखादा जवान दिल्लीहून विमानाने लेहला उतरला असे धरून चालू. भरतीसाठी तो पहाटे उठून सडकेवर धावलेला आहे, सोळाशे मीटरची शर्यत त्याने मारलेली आहे. धावपट्टीवर पाय ठेवल्याक्षणी त्याला विशेष काही वाटत नाही, आणि धोका येथूनच सुरू होतो. मानेतील मोठ्या रक्तवाहिन्यांच्या फाट्याशी तांदळाच्या दाण्याएवढी एक गाठ असते. रक्तातला प्राणवायू घटल्याचे प्रथम तिला कळते आणि ती श्वास वाढवते. श्वास वाढला की प्राणवायू थोडा अधिक येतो, पण त्याबरोबर कार्बनवायू भराभर बाहेर पडून रक्त अल्कधर्मी होऊ लागते, आणि मेंदूतले श्वसनाचे केंद्र उलट श्वास आवरू पाहते. हे दोन हुकूम एकमेकांच्या आड येतात, त्यामुळे पहिल्या रात्री तो झोपेत काही क्षण श्वासच घेत नाही, मग दचकून जागा होतो. डोके ठणकते, अन्न नकोसे होते. पुढील दोन-चार दिवसांत मूत्रपिंडे लघवीवाटे जास्तीचा क्षार टाकून रक्त ताळ्यावर आणतात, तेव्हा कोठे श्वसनाला मोकळीक मिळते. त्याच काळात रक्तातील पाणी कमी होऊन उरलेले रक्त घट्ट होते, नाडी जलद चालते. मूत्रपिंडांतून निघालेल्या एका संप्रेरकाने अस्थिमज्जेला नव्या तांबड्या पेशी घडवण्याची वर्दी पहिल्याच दिवशी पोचलेली असते, परंतु ते पीक हाती यावयास आठवडे लागतात.

याच दिवसांत फुप्फुसात एक घातक गोष्ट घडू शकते. जेथे प्राणवायू कमी तेथली रक्तवाहिनी आकसते, ही फुप्फुसाची जन्मजात रीत. मैदानात ती उपकारक असते, कारण फुप्फुसाचा एखादा कोपरा निकामी झाला तर रक्त तिकडे न जाता चांगल्या भागाकडे वळते. उंचावर सारेच फुप्फुस प्राणवायूला वंचित होते आणि वाहिन्या सगळीकडे, पण सारख्या प्रमाणात नव्हे, आकसतात. ओलिताच्या शेतात काही बारे बंद केले म्हणजे उरलेल्या सऱ्यांत पाणी जोराने घुसून त्यांचे काठ फोडते, तसे न आकसलेल्या वाहिन्यांत रक्त दाबाने घुसते, त्यांच्या पातळ भिंती गळू लागतात, आणि वायुकोशांत पाणी साचते. खोकला कोरडा असतो तो फेसाळ होतो, त्या फेसात रक्ताची लाली येते, आणि छातीला कान लावला तर आतून खळखळ ऐकू येते. उपाय दोनच खात्रीचे, प्राणवायू आणि खाली उतरवणे. सोळाशे मीटरची शर्यत मारल्याचा येथे काही उपयोग नाही. किंबहुना आपण धडधाकट आहोत या भरवशावर पहिल्याच दिवशी ओझे उचलून धावपळ करणारा गडी आधी आडवा होतो.

दिवसांची किंमत आकड्यांत सांगावयाची तर साडेपाच हजार मीटरची उंची सात दिवसांत गाठणाऱ्या शंभर माणसांत सुमारे दोघांना फुप्फुसात पाणी होते. तीच उंची एक-दोन दिवसांत गाठली तर पंधरा जणांना. शंभरांच्या कंपनीतून पंधरा माणसे लढण्यापूर्वीच गळणे, आणि त्यांना खाली वाहून नेण्यात आणखी कित्येकांचे बळ खर्ची पडणे, याचा अर्थ कोणत्याही सेनापतीला समजावून सांगावा लागत नाही.

या साऱ्यातून लष्कराने जो दंडक घातला तो दिसावयास अगदी साधा आहे. नऊ ते बारा हजार फुटांच्या पट्ट्यात सहा दिवस राहावयाचे, त्यांतील पहिले दोन निव्वळ विश्रांतीचे, पुढले दोन सपाटीवर सावकाश चालण्याचे, शेवटले दोन लहानशा चढाचे; मग बारा ते पंधरा हजारांच्या पट्ट्यात चार दिवस, आणि त्यावर जावयाचे तर आणखी चार. पलटणीच्या शिस्तीत वाढलेल्या सुभेदाराला, तरुण पोरांनी दोन दिवस नुसते पडून राहावे हा हुकूम पचवणे सुरुवातीला जड गेले असेल. पण १३ एप्रिल १९८४ रोजी सियाचीनची मोहीम सुरू झाली आणि अठरा-वीस हजार फुटांवर बारमाही चौक्या ठेवण्याची वेळ आली, तेव्हा या दंडकावाचून ती गोष्ट एक आठवडाही चालली नसती. तेथेही शत्रूच्या गोळीपेक्षा हवा, थंडी आणि हिमकडे यांनीच अधिक बळी घेतले.

लष्कराबाहेर मराठी माणूस या हवेत उशिरा शिरला. १९९८ साली पुण्याच्या सुरेंद्र चव्हाण यांनी एव्हरेस्ट गाठले. २०१२ मध्ये पुण्याच्याच गिरिप्रेमी संस्थेचे आठ गिर्यारोहक एकाच मोहिमेत माथ्यावर पोचले. मला मात्र यापेक्षा मे २०१८ ची घटना अधिक बोलकी वाटते, कारण तीत सवयीचा प्रश्न अगदी नागडा समोर येतो. चंद्रपूर जिल्ह्यातील आदिवासी आश्रमशाळांच्या दहा विद्यार्थ्यांची ‘मिशन शौर्य’ ही तुकडी राज्य सरकारने एव्हरेस्टवर पाठवली आणि त्यांतील पाच जण शिखरावर पोचले. चंद्रपूर समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरांच्याही आत. उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत तापणाऱ्या गावांत त्याचे नाव असते. ही मुले शेर्पांप्रमाणे उंचीचा वारसा रक्तात घेऊन जन्मलेली नव्हती. तिबेटी व शेर्पा लोकांत रक्त फाजील घट्ट होऊ न देणारा जो जनुकभेद आढळतो तो हजारो वर्षांच्या वस्तीने निवडला गेलेला, आणि तो दार्जिलिंग किंवा लडाखच्या शिक्षणवर्गात मिळत नाही. मुलांना मिळाले ते दिवस: महिनोन्महिने शिक्षण, मग उंचीच्या तळावर मुक्काम, वर चढून पुन्हा खाली झोपावयास येणे, आणि पुन्हा वर. त्यावरही शेवटच्या टप्प्यात नळकांड्यांतला प्राणवायू लागलाच.

आता लेहला दिल्ली-मुंबईहून विमाने रोज जातात, आणि चार दिवसांची सुटी काढून निघालेला प्रवासी पहिल्याच दुपारी खार्दुंग लाची मोटार ठरवतो. त्याच विमानतळावर उतरलेला जवान मात्र त्या दुपारी बराकीत पडून असतो, कारण तसा हुकूम असतो.

या हुकमाचे एक कलम घरी सुटीवर आलेल्याला विशेष जाचते. उंचीवर कमावलेले शरीर खाली फार काळ टिकत नाही. मैदानात उतरताच जास्तीच्या तांबड्या पेशी शरीर स्वतःच मोडीत काढू लागते, श्वासाची वाढलेली लय काही दिवसांत पूर्ववत होते, आणि परत वर जाणाऱ्याच्या फुप्फुसात पाणी होण्याचा धोका तर नवख्याइतकाच, कधी त्याहूनही अधिक असतो. लेहच्या डॉक्टरांना १९६० च्या दशकात सुटीवरून परतलेलेच कित्येक जण रुग्णशय्येवर भेटले होते. म्हणून चार आठवड्यांहून जास्त खाली राहिलेल्याला, त्याने वर कितीही वर्षे काढलेली असोत, नवा भरती झालेला समजावे असा नियम आहे. वार्षिक रजा साठ दिवसांची. सोयाबीन काढून, दिवाळी करून, मालेगावच्या स्टँडवरून परत निघालेला जवान लेहला पोचला की त्याच्यापुढे तोच पहिला दिवस उभा असतो: सहा, मग चार, मग पुन्हा चार.